जीएनएम झाली, आता पुढे काय?

महागावात ज्या घरी आम्ही बसलो होतो, तिथल्या खालांनी लोखंडी कपाट उघडले आणि आतून एक प्लास्टिकची पिशवी काढून आमच्यापुढे ठेवली. "दोघींचे कागद आहेत यात," त्या म्हणाल्या. "एकीचे माझ्या मुलीचे, दुसरीचे माझ्या बहिणीच्या मुलीचे. दोघीही नर्स. पण एकीला लोक म्हणतात पुढे शिक, आणि दुसरीला म्हणतात तू नर्सच नाहीस. हे काय आहे ते तुम्हीच बघा."

आम्ही कागद पाहिले. मुलीचे तीन वर्षांच्या जीएनएमचे गुणपत्रक होते आणि सोबत महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र. भाचीकडे एकच कागद होता. जाड, रंगीत, सोनेरी काठाचा. त्यावर 'नर्सिंग' हा शब्द मोठ्या अक्षरात होता, कालावधी एक वर्ष. नोंदणीचा कागद नव्हता, कारण त्या अभ्यासक्रमाची नोंदणी होतच नाही. तिच्या वडिलांनी सोयाबीन विकून ही फी भरली होती. प्रवेश देणाऱ्यांनी "शंभर टक्के नोकरी" असे सांगितले होते. संस्थेचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. अशा पाट्या अनेक गावांत आहेत आणि प्रश्न एका पाटीचा नाही.

महागाव हे नागपूर-नांदेड रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन, तूर यांवर चालणारी घरे, आणि आपल्या समाजात त्याच्या जोडीला छोटी दुकाने, गॅरेज, फळभाजीचा धंदा, ड्रायव्हरकी. बारावीनंतर मुलीला काय करू द्यायचे, हा प्रश्न आला की नर्सिंगचे नाव हमखास निघते. पण नर्सिंगमध्ये कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर जाता येते, हे घरात नीट कुणाला ठाऊक नसते. म्हणून त्या दुपारी खालांच्या ओट्यावर बसून आम्ही जे समजावून सांगितले, तेच इथे लिहीत आहोत.

पायऱ्या कोणत्या?

पहिली पायरी एएनएम. दोन वर्षांची, मुलींसाठीच. बारावी कोणत्याही शाखेची चालते. उपकेंद्रातली आरोग्य सेविका याच शिक्षणातून येते.

दुसरी जीएनएम. तीन वर्षांची पदविका. बारावीला इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात, शाखा कोणतीही चालते, विज्ञान असेल तर बरे. एएनएम झालेल्या व नोंदणी असलेल्या मुलींनाही इथे येता येते. आपल्या राज्यात हिची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. म्हणजे ही विद्यापीठाची पदवी नव्हे.

तिसरी बी.एस्सी. नर्सिंग. चार वर्षांची पदवी. बारावी विज्ञान, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन. खुल्या गटाला या विषयांत ४५ टक्के लागतात. वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण हवे. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो आणि पदवी बहुतेक महाविद्यालयांत नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. हे विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झाले.

आता ती पायरी, जी आपल्या बहुतेक घरांना माहीत नसते: पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. दोन वर्षांची. जीएनएम झालेल्या आणि परिषदेत नोंदणी असलेल्या नर्ससाठीच ती आहे. बारावीला कला शाखा होती म्हणून जी मुलगी थेट बी.एस्सी.ला जाऊ शकली नाही, ती जीएनएमनंतर या वाटेने पदवीधर होते, आणि पुढे एम.एस्सी.साठी तिचा हक्क चार वर्षांची पदवी घेतलेल्या मुलीइतकाच असतो.

खालांची मुलगी इथपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, "आमच्या वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर सांगायच्या पोस्ट बेसिक कर म्हणून. मला वाटायचं तो सरकारी नोकरीवाल्यांसाठी असतो." तसे नाही. सरकारी सेवेतल्या परिचारिकांना वरिष्ठांच्या मंजुरीने शिक्षणासाठी पाठवण्याची पद्धत आहे, पण खासगी रुग्णालयातली किंवा सध्या घरी बसलेली नोंदणीकृत नर्सही अर्ज करू शकते.

नोकरी सोडणे ज्यांना शक्यच नाही, त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा तीन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम आहे. त्याला प्रवेश परीक्षा आणि जीएनएमनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो. मुक्त विद्यापीठ म्हणजे घरी बसून पुस्तक वाचणे असे मात्र समजू नये. ठरलेल्या केंद्रावर संपर्क वर्ग आणि प्रात्यक्षिके करावीच लागतात.

पदवीनंतर: एम.एस्सी. नर्सिंग

पदवीधर नर्ससाठी पुढची मोठी पायरी एम.एस्सी. नर्सिंग. दोन वर्षांची, पूर्ण वेळ. पत्राने किंवा घरबसल्या एम.एस्सी. नर्सिंग मिळते असे कोणी सांगत असेल तर तिथून उठून यावे. मूळ अटी चार आहेत.

एक, बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग मान्यताप्राप्त संस्थेतून झालेले असावे. दोन, पदवीला एकूण किमान ५५ टक्के गुण. तीन, नर्स आणि मिडवाइफ म्हणून परिषदेत नोंदणी. चार, एक वर्षाचा कामाचा अनुभव.

या चौथ्या अटीत एक बारीक फरक आहे आणि तो आपल्या मुलींच्या फायद्याचा आहे. चार वर्षांची बी.एस्सी. केलेल्या मुलीचा अनुभव पदवीनंतरचा धरतात. पोस्ट बेसिक केलेल्या मुलीचा अनुभव त्या अभ्यासक्रमाच्या आधीचा असला तरी चालतो. म्हणजे जीएनएमनंतर वर्ष-दोन वर्षे वॉर्डात काम केलेली मुलगी पोस्ट बेसिक संपवून, गुण असतील तर, लगेच एम.एस्सी.चा अर्ज करू शकते. हिशेब घाला: थेट बी.एस्सी.च्या वाटेने चार, एक आणि दोन मिळून सात वर्षे. जीएनएमच्या वाटेने तीन, एक, दोन आणि दोन मिळून आठ. कला शाखेतून आलेल्या मुलीला फक्त एक वर्ष जास्त लागते.

इथे खालांच्या मुलीचा चेहरा उतरला. तिने एका खासगी रुग्णालयात दीड वर्ष काम केले होते. पगार रोख मिळायचा. नेमणुकीचे पत्र नाही, पगाराची पावती नाही, सोडताना अनुभवाचा दाखला मागितला तर "नंतर या" असे उत्तर. दीड वर्षाच्या नाइट ड्यूट्या तिने केल्या, पण कागदावर त्यातली एकही नाही. आम्ही तिला सांगितले की लेखी अर्ज दे, त्याची पोच घे, आणि ज्या डॉक्टरांच्या हाताखाली काम केले त्यांना अब्बांबरोबर जाऊन भेट. पण ज्या मुली आज कामाला लागत आहेत त्यांनी पहिल्याच दिवशी नेमणूक पत्र मागावे आणि पगार बँकेत घ्यावा. दोनशे-पाचशे कमी मिळाले तरी चालेल. कागदाशिवाय केलेले काम पुढच्या प्रवेशात मोजत नाहीत.

एम.एस्सी.त पाच शाखा आहेत: वैद्यकीय-शल्य म्हणजे मेडिकल सर्जिकल, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, सामुदायिक आरोग्य आणि मानसोपचार. मुली बहुधा मैत्रिणीने घेतली ती शाखा घेतात. आमचे म्हणणे, आधी वॉर्ड आठवा. जिला लेबर रूममध्ये काम करताना थकवा जाणवत नव्हता, तिने प्रसूती शाखेचा विचार करावा. गावोगावी फिरून लोकांशी बोलण्याची जिला हौस आहे, तिने सामुदायिक आरोग्य घ्यावे. मानसोपचार शाखेकडे कमी मुली वळतात, पण मनाच्या आजारात बाईमाणसाशी तिच्या भाषेत बोलणारी नर्स किती लागते, हे ज्या घरात असा रुग्ण आहे त्यांना विचारा.

एम.एस्सी.नंतर नर्सिंग महाविद्यालयात शिकवण्याची वाट उघडते, आणि पुढे पीएच.डी. आहे. शिकवायचे नसेल, रुग्णाजवळच राहायचे असेल, तर क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रमही आहे. तो मोजक्याच ठिकाणी चालतो.

कुठे जायचे?

महागावहून यवतमाळ आणि नांदेड ही जवळची मोठी ठिकाणे. त्यापुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामला कस्तुरबा नर्सिंग कॉलेज आणि सावंगी मेघे येथे श्रीमती राधिकाबाई मेघे स्मृती नर्सिंग कॉलेज आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडून नर्सिंग महाविद्यालय आहे. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारात इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन ही सरकारी संस्था आहे, आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ पासून चालू आहे. "मुलगी मुलींच्याच विद्यापीठात शिकावी" असे ज्या घरांना वाटते त्यांनी त्याची चौकशी जरूर करावी. दिल्लीच्या जामिया हमदर्दमध्येही नर्सिंगची पदवी मिळते.

कोणत्या महाविद्यालयात यंदा पोस्ट बेसिक आहे, कुठे एम.एस्सी. आहे आणि जागा किती, हे दरवर्षी बदलते. मागच्या वर्षी शेजारच्या मुलीला काय मिळाले यावर न जाता त्या वर्षीची अधिकृत सूचनाच वाचावी. परिचर्येचा १९४७ चा जुना कायदा बाजूला सारून संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा मंजूर केला आहे. त्यामुळे येत्या काळात प्रवेशाचे नियम आणखी बदलतील.

फी भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: "हा अभ्यासक्रम संपल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते का?" उत्तर तोंडी घेऊ नये, परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या यादीत संस्थेचे नाव स्वतः पाहावे. भाचीच्या वडिलांनी हा एक प्रश्न विचारला असता तर सोयाबीनचे पैसे वाचले असते. आणि नोंदणी एकदा झाली म्हणजे संपले असेही नाही. दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते.

पैशाचा प्रश्न

"एवढे शिकवायचे म्हणता, पण आणायचे कुठून?" खालू आतापर्यंत दारातच उभे होते, ते आत येऊन बसले.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने एक निर्णय काढला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या, ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट ही की प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असावा. संस्थेच्या कोट्यातून, थेट पैसे भरून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठेही यात येत नाहीत. आपला अभ्यासक्रम यादीत आहे का, हे महाडीबीटीवर पाहून मगच फेरीत पर्याय भरावेत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची राज्याची शिष्यवृत्तीही त्याच ठिकाणी भरतात.

आता जातीच्या दाखल्याचे. आपल्यातल्या बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन, कुरेशी-खाटीक अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखला काढायला गेले की १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदीत जातीच्या जागी नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. अशा वेळी काका, चुलत आजोबा, फुफी यांच्या शाळेच्या नोंदी, जुने खरेदीखत, जन्म-मृत्यूची नोंद शोधावी लागते. हे काम एका आठवड्यात होत नाही. मुलगी अकरावीत असतानाच ते सुरू करा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर हे तिन्ही वेगवेगळे कागद आहेत, आणि प्रवेशाच्या वेळी तिन्ही मागतात. ज्यांची बिरादरी कोणत्याही यादीत नाही त्यांनी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्राची चौकशी तहसीलमध्ये करावी.

नावाचेही तसेच. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे. कुठे 'शेख' आधी, कुठे शेवटी, कुठे नावापुढे 'बी', कुठे 'बानो', लग्नानंतर आणखी वेगळे. महागावच्या पोस्टात किंवा बँकेत हे चालून जाते. विद्यापीठात, परिषदेत आणि परदेशी पडताळणीत चालत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच सगळीकडे करून घ्यावे.

मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे, पण त्यावर थोडे का होईना व्याज आहे. ज्या घरांना व्याजाची अडचण वाटते त्यांनी आधी फीमाफी आणि शिष्यवृत्तीची वाट पूर्ण चालून पाहावी. आणि बिरादरीच्या जमातींनी शादीखान्याच्या जोडीला दरवर्षी एका मुलीच्या वसतिगृहाचा आणि खानावळीचा खर्च उचलला, तर ही अडचण राहणारच नाही.

घरातले प्रश्न

खालूंच्या मनात खरा प्रश्न दुसराच होता. पुसदहून एक स्थळ आले होते. "दोन वर्षं शिक्षण म्हणजे स्थळ गेलं. नंतर वय वाढलं म्हणतील."

आम्ही विचारले, मुलाकडचे शिक्षणाला नाही म्हणतात का? "नाही असं नाही म्हणत. लग्नानंतर बघू म्हणतात." 'बघू' या शब्दावर किती मुलींचे शिक्षण अडकले आहे, हे आपण सगळे जाणतो. बोलणे होणारच असेल तर ते स्पष्ट व्हावे: कोणता अभ्यासक्रम, कोणत्या वर्षी, खर्च कोणाचा, वसतिगृहात राहणे मान्य आहे का. निकाहच्या वेळी अशी अट लिहून घेता येते. त्यात लाज कसली? काझी साहेबांना आधी विचारून घ्या आणि चार माणसांसमोर लिहा.

रात्रपाळीची भीती खरी आहे, ती उडवून लावू नये. वसतिगृह रुग्णालयाच्या आवारात आहे का, रात्री वॉर्डात किती जणी असतात, तक्रार कोणाकडे करायची, हे बापाने जाऊन पाहावे, विचारावे. कपड्यांचेही तसेच. गणवेश, डोक्यावर रुमाल, लांब बाह्या यांचे नियम प्रत्येक संस्थेचे वेगळे असतात. ऑपरेशन थिएटरमध्ये केस झाकणे सर्वांनाच सक्तीचे असते. हात धुण्यासाठी बाह्या वर घ्याव्या लागतात, कारण त्यात रुग्णाचा जीव गुंतलेला असतो. प्रवेशाआधी शांतपणे विचारून घेतले तर नंतर वाद होत नाही.

आणि "आपल्यात हे काम बायका करत नाहीत" असे कोणी म्हणाले तर त्यांना रुफैदा अल-अस्लमिया (र.) यांची आठवण द्यावी. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज (र.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या मशिदीतल्या ज्या तंबूत ठेवले, तो तंबू रुफैदांचा होता, असे सीरतच्या ग्रंथांत येते. जामिया हमदर्दचे नर्सिंग कॉलेज बरीच वर्षे त्यांच्याच नावाने ओळखले जात होते.

पदवीने काय फरक पडतो?

एक उदाहरण पुरे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी देशपातळीवर नॉरसेट ही परीक्षा होते. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक झालेली नोंदणीकृत मुलगी त्यात बसू शकते. जीएनएमवाल्या मुलीला ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. या पदाचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते आणि ८० टक्के जागा महिलांच्या आहेत. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० पासून. तिथून परिसेविका, अधिसेविका अशी बढती असते आणि पाठ्यनिर्देशिका होण्याची वाटही असते. गावाजवळ राहायचे असेल तर उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलींना संधी असते. महागाव तालुक्यातल्या बाईला आपल्या गावच्या उपकेंद्रात आपल्याच बोलीत विचारपूस करणारी अधिकारी मिळाली, तर ती आजार लपवणार नाही.

आखातात जायचे असेल तर तिथली परीक्षा आणि कागदांची पडताळणी लागते. एक नियम पक्का ध्यानात ठेवावा: २०१५ पासून सौदी, कुवेत, यूएई अशा देशांत नर्स म्हणून जाण्यासाठी भरती सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फतच होते. पासपोर्ट आणि लाखो रुपये मागणाऱ्या एजंटाच्या हाती मुलीचे कागद देऊ नयेत.

पुन्हा त्या पिशवीकडे

निघताना आम्ही भाचीला बोलावून घेतले. ती दाराआड उभी राहून सगळे ऐकत होती. तिचे वय वीस. बारावी कला, इंग्रजी विषय, गुण ५२ टक्के. जीएनएमला १७ ते ३५ वय चालते आणि ४० टक्के पुरतात. तिचे एक वर्ष आणि वडिलांचे पैसे गेले, ते परत येणार नाहीत. पण वाट बंद झालेली नाही. तीन वर्षे जीएनएम, मग आज तिची बहीण जिथे उभी आहे तिथे ती उभी असेल.

"म्हणजे पहिल्यापासून," ती म्हणाली.

"हो, पहिल्यापासून. पण या वेळी खऱ्या पहिलीपासून."

खालांनी रंगीत प्रमाणपत्र पिशवीतून बाजूला काढले. फाडले नाही, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले. मग दोन वेगळ्या पिशव्या आणल्या. एकीत मुलीचे कागद गेले: दहावी, बारावी, जीएनएम, नोंदणी, आणि अनुभवाच्या दाखल्यासाठी एक रिकामा लिफाफा. दुसरीत भाचीची दहावी-बारावी. खालूंनी विचारले, "पुसदवाल्यांना काय सांगू?"

त्याचे उत्तर मुलीने दिले. "अब्बा, सांगा की अर्ज भरतोय. त्यांना थांबायचं असेल तर थांबतील."

खालू काही बोलले नाहीत. पण आम्ही चप्पल घालत असताना त्यांनी विचारले, की जात वैधतेच्या फॉर्मला आजोबांच्या भावाचा शाळेचा दाखला चालेल का. चालतो, वंशावळ जोडून चालतो. ते उद्याच शाळेत जातो म्हणाले.